चकतीचा ब्रेक आणि कलमाचा खुंट



मृग तोंडावर आला की आमच्या कचेरीत गर्दी होते ती बियाण्यांची, खतांची आणि पीक विम्याच्या चौकशीची. अशाच गर्दीत गेल्या हंगामात एक ओळखीचे शेतकरी आले. सोयाबीनच्या उगवण चाचणीविषयी विचारतील असे वाटले होते, पण त्यांनी पिशवीतून एक खोके काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, बियाण्याचं मागनं बघू. आधी हे बघा."

खोक्यात एक भोके पाडलेली पोलादी चकती होती, एक छोटा चिमटीसारखा सांगाडा, एक वायर आणि लोखंडी पट्ट्या-नटांची पुडी. सायकलला लावायचा डिस्क ब्रेक! पुतण्याने मोबाइलवरून मागवून दिला होता. सायकलच्या पुढच्या चिमट्याला एक पट्टी वेल्डिंग करून हा ब्रेक तिच्यावर बसवायचा, असा बेत होता. अवजारे दुरुस्त करणारा वेल्डर माझ्या ओळखीचा, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

सायकल त्यांच्या मुलीची. मुलगी नववीत जाणार. मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, त्यातलीच ती. गाव वर, शाळा ओढ्यापलीकडे. मध्ये अर्धा किलोमीटरचा उतार आणि खाली अरुंद पूल. मागच्या पावसाळ्यात भर पावसात ब्रेक लागला नाही आणि पोर पुलाआधीच्या घाणेरीच्या जाळीत शिरली. खरचटण्यावर निभावले. पण त्या दिवसापासून घरात एकच बोलणे सुरू झाले. मुलीच्या आईने स्पष्ट सांगितले, "ब्रेकचं काहीतरी करा, नाहीतर पोरीला घरी बसवा."

म्हणजे प्रश्न नुसत्या ब्रेकचा नव्हता, एका मुलीच्या शाळेचा होता. म्हणून बियाण्याचे कागद बाजूला ठेवून मी तासभर त्यांच्याशी बोललो. जे बोललो तेच आज या सदरात मांडतो. कारण हल्ली अशी खोकी गावोगाव येऊ लागली आहेत, आणि सायकल हेही आपल्या घरचे एक औजारच आहे.

डिस्क ब्रेक वाईट आहे का?

मुळीच नाही. ब्रेक म्हणून तो उत्तमच. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीने बाजी मारली आणि जगाचे लक्ष त्याच्याकडे गेले. आज मोटारसायकलींना तो आहे, सायकलींनाही आहे.

आपल्या जुन्या चालीच्या सायकलीला सळईचा ब्रेक असतो. मूठ दाबली की सळई ओढली जाते आणि दोन रबरी गुटके रिमवर दाबले जातात. रिम असते लोखंडी, वर चकचकीत मुलामा. कोरड्या हवेत हा ब्रेक ठीक काम करतो. पण रिम भिजली की रबर त्या मुलाम्यावरून साबणासारखे घसरते. शिवाय रिम जमिनीजवळ फिरते, त्यामुळे चिखल, शेण, पाणी सारे तिच्यावरच उडते.

डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मधोमध, तुंब्याला म्हणजे हबला जोडलेली असते. तिथे चिखल कमी पोहोचतो. पाणी पडले तरी चकतीच्या भोकांवरून आणि कडक पट्ट्यांच्या दाबाने ते लगेच पुसले जाते. पावसात त्याचा भरवसा जास्त, तो यामुळेच. इथवर त्या शेतकरीदादांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

मग अडचण कुठे?

अडचण ब्रेकमध्ये नाही, सायकलीत आहे. आपण आंब्याचे कलम बांधतो तेव्हा काडी कितीही चांगल्या झाडाची असो, आधी खुंट पाहतो. खुंट काडीच्या जाडीचा आहे का, निरोगी आहे का, हे न पाहता बांधलेले कलम पहिल्या वाऱ्याला जोडात मोडते. डिस्क ब्रेक ही काडी आहे. सायकलचा चिमटा हा तिचा खुंट.

थोडा हिशेब करू. मुलीचे वजन ४५ किलो, सायकल २० किलो, दप्तर ५ किलो. एकूण ७० किलो. जरा जोरात ब्रेक लावला, तर जमिनीजवळ चाकावर सुमारे २८ किलोचा रोध निर्माण होतो. रिमवरच्या ब्रेकला जवळजवळ तेवढाच जोर पेलावा लागतो, कारण रिम चाकाच्या कडेलाच आहे. आणि तो दोन्ही गुटक्यांत वाटला जातो. म्हणजे एका बाजूला साधारण १५ किलो.

आता डिस्क पाहा. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरू. नेहमीच्या १६० मिलिमीटरच्या चकतीवर पट्ट्या दाबल्या जातात त्या मध्यापासून सुमारे ७ सेंटिमीटरवर. पहारेने धोंडा उचलताना टेकूजवळ किती जोर येतो ते आपल्याला ठाऊक आहे. तोच नियम येथे लागू. ३३ ला ७ ने भागले की येतात पावणेपाच. म्हणजे २८ किलोचा रोध मिळवायला चकतीजवळ सुमारे १३० किलोचा जोर लागतो. सव्वा क्विंटलहून जास्त! आणि हा जोर दोन्ही बाजूंना वाटला जात नाही. चकती डाव्या बाजूला असते, म्हणून तो सगळा चिमट्याच्या एकट्या डाव्या पायावर येतो. तोही कुठे, तर पाय जिथे निमुळता होत गेलेला असतो, त्या खालच्या टोकाजवळ.

ज्या सायकली डिस्कसाठीच बनवतात, त्यांचा चिमटा यासाठी जाड व भक्कम केलेला असतो आणि ब्रेक बसवायची जागा कारखान्यातच तयार केलेली असते. आपल्या सायकलीचा चिमटा पातळ नळीचा. त्याच्यावर वेल्डिंगची ज्योत किंवा ठिणगी धरली की नळी जळते, पातळ होते आणि जोडाच्या कडेला कमकुवत पडते. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही. पण रोजच्या ब्रेकने तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती वाढत जाते.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागच्या अंगाला बसवतात. चाक पुढे फिरताना चकतीचा तो भाग खालून वर येत असतो. पट्ट्यांनी त्याला धरले की चकती ब्रेकला वर ढकलते आणि ब्रेक उलट चाकाला खाली ढकलतो. आपल्या सायकलीत चाकाचा आस ज्या खाचेत बसतो, ती खाच खालच्याच बाजूला उघडी असते. म्हणजे ब्रेक लावताच चाक खाचेतून बाहेर पडायला बघते. त्याला धरून ठेवतात ते फक्त दोन नट. नट सैल असले तर काय होईल, हे सांगायला नको.

पाहिलेली गोष्ट

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागात दूध घालणाऱ्या एका तरुणाने असाच उद्योग केला होता. वडिलांची काळी सायकल, मागे दुधाच्या दोन किटल्या, पुढे वेल्डिंग करून बसवलेली डिस्क. पहिले पंधरा दिवस तो ज्याला त्याला ब्रेक दाबून दाखवत होता. मग एका पहाटे डेअरीच्या वळणावर कुत्रे आडवे आले, त्याने ब्रेक दाबला आणि चिमट्याचा डावा पाय पट्टीच्या वरच्या जोडात वाकला. चाक तिरके होऊन अडकले आणि गडी हँडलवरून पुढे गेला. दोन दात गेले, ओठाला टाके पडले, दूध रस्त्यावर सांडले. मी तो चिमटा नंतर हातात घेऊन पाहिला. अर्धा तुटवा जुना, गंजलेला होता. अर्धा ताजा, चकचकीत. म्हणजे चीर आधीच पडलेली होती. कुणी पाहिले नव्हते.

हे सांगितल्यावर आमच्या शेतकरीदादांनी खोके मुकाट्याने मिटले. मग हळूच म्हणाले, "मग साहेब, पोरीला घरीच बसवू का?"

मी म्हटले, "दादा, उद्या सायकल घेऊन या. पोरीलाही आणा. आहे तो ब्रेक आधी बघू."

आहे तो ब्रेक

दुसऱ्या दिवशी बापलेक सायकल घेऊन आले. सायकल दुकानदाराला सोबत घेऊन आम्ही ब्रेक उलगडून पाहिला, तेव्हा चार दोष सापडले. हे दोष तुमच्याही सायकलीत असतील, म्हणून क्रमाने देतो.

पहिला दोष : ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले होते. नखाने दाबून पाहावे. नख उमटत नसेल तर रबर बदलावे. रबर स्वस्त आहे. त्यात काटकसर करू नये.

दुसरा दोष : रबराची पत्र्याची डबी उलटी बसवलेली होती. या डबीचे एक टोक बंद आणि एक उघडे असते. चाक ज्या दिशेने फिरते, त्या दिशेला बंद टोक यायला हवे. उलटे बसवले तर जोरात ब्रेक लावताच रबर डबीतून सटकून बाहेर पडते. घरी आजच पाहून घ्या.

तिसरा दोष : सळयांचे जोड ढिले होते. मूठ पूर्ण दाबून हँडलला टेकायची, तेव्हा कुठे रबर रिमला लागायचे. रबर आणि रिम यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून नट आवळले. सळयांच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब दिला. रिमवर मात्र तेल कधीही जाऊ देऊ नये. हौसेने सगळ्या सायकलीला तेल चोळणारे ब्रेकचा घात करतात.

चौथा दोष : चाकाला आउट होता. चाक डोलत फिरत असेल तर रबर एका जागी घासते आणि दुसऱ्या जागी लागतच नाही. तारा आवळून आउट काढून घेतला. मग रिम सोड्याच्या पाण्याने धुतली आणि जिथे गंज होता तिथे बारीक पॉलिश कागद मारला.

परीक्षा पटांगणात घेतली. चुन्याची रेघ मारली. मुलीने वेगाने यावे आणि रेघेवर दोन्ही ब्रेक लावावेत. दुरुस्तीच्या आधी रिमवर बादलीभर पाणी ओतून घेतलेल्या परीक्षेत सायकल १९ पावलांवर थांबली होती. दुरुस्तीनंतर तसेच पाणी ओतून घेतली तेव्हा ९ पावलांवर थांबली. खोक्यातले काहीही न लावता हे झाले.

उताराचा हिशेब

तरीही लोखंडी रिम ओली असताना ब्रेक निम्म्याहून कमीच लागतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून मुलीला कागदावर हिशेब करून दाखवला. ओल्या रिमवर ब्रेक अगदी कमजोर लागला असे धरू. ताशी २५ किलोमीटर वेग असेल तर सपाट रस्त्यावर थांबायला सुमारे १६ मीटर लागतात. तोच रस्ता १५ फुटांना १ फूट उतरत असेल तर जवळजवळ अर्धा ब्रेक उतारच खाऊन टाकतो आणि अंतर ३० मीटरवर जाते. पण त्याच उतारावर वेग ताशी १२ किलोमीटर ठेवला तर सुमारे ७ मीटरमध्ये सायकल थांबते. वेग निम्मा केला की अंतर पाव होते. मुलगी गणितात हुशार, तिने लगेच विचारले, "म्हणजे काका, उतार लागल्यावर ब्रेक लावण्यापेक्षा उतार लागायच्या आधीच लावायचा?"

अगदी बरोबर. म्हणून तिला तीन नियम लावून दिले. एक, पावसात उताराच्या माथ्यावरच दोन्ही ब्रेक हलके धरून चाकाचे चार-पाच फेरे होऊ द्यायचे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. दोन, वेग वाढूच द्यायचा नाही. वाढल्यावर कमी करायला जाऊ नये. तीन, पुलाआधीचा शंभर पावलांचा तीव्र तुकडा पावसात उतरून चालत जायचे. त्यात कसला कमीपणा नाही. भरल्या गाडीचे बैलसुद्धा शहाणा गाडीवान उतारावर हाताने धरून नेतो.

तरीही डिस्कच हवी असेल तर

ज्यांना रोज घाटात ओझे घेऊन उतरायचे आहे, त्यांनी डिस्क ब्रेकचा विचार जरूर करावा. पण तो सायकलीसकट करावा. डिस्कसाठी बनवलेली सायकल घेणे हा सरळ मार्ग. जुन्याच सायकलीला लावायचा हट्ट असेल, तर नुसती चकती घेऊन भागत नाही. दुकानदाराला पुढील गोष्टी विचारा.

१. पुढचा चिमटा पूर्ण बदलावा लागेल, आणि ब्रेकची जागा कारखान्यातूनच असलेला घ्यावा लागेल. जुन्या सायकलीत चिमट्याची वरची नळी बहुधा १ इंच जाडीची आणि आट्यांची असते. नव्या डिस्कच्या चिमट्यांची बहुधा सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे १ पूर्णांक १/८ इंच आणि बिनआट्यांची. ती जुन्या सांगाड्यात शिरत नाही. कानसून, ठोकून बसवू नये.

२. चिमटा जुन्याएवढ्याच उंचीचा हवा. स्प्रिंगचा उंच चिमटा लावला की सायकलचे तोंड वर उचलले जाते आणि हँडल जड होऊन वळते.

३. चाकाचा हब बदलावा लागतो. डिस्कच्या हबला चकतीसाठी सहसा सहा बोल्टांची जागा असते. पुढचा असा हब बहुधा १०० मिलिमीटर रुंदीचा असतो. जुन्या चिमट्यात तेवढी जागा नसते. पाय फाकवून तो बसवू नये. तारा एकमेकींना ओलांडून विणलेल्या हव्यात. सरळ उभ्या तारांच्या चाकाला डिस्क चालत नाही, कारण ब्रेकचा पीळ तारांमधूनच टायरपर्यंत जातो.

४. सळईच्या ब्रेकच्या मुठी हँडललाच जोडलेल्या असतात. डिस्कला वायर ओढणारी मूठ लागते. म्हणजे बहुधा हँडलही गेले.

५. मागच्या चाकाला नट-पट्टीने आवळून बसवायचा सांगाडा मिळतो. तो निसटला तर माणूस हँडलवरून जात नाही, एवढे खरे. पण ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, म्हणून एकटा मागचा ब्रेक कितीही चांगला असला तरी पुढच्याच्या साधारण निम्मेच काम करतो. शिवाय तिथे मडगार्डच्या सळया, कॅरिअर आणि स्टँड आडवे येतात.

चिमटा, हब, तारा, हँडल, मुठी, वायर आणि मजुरी यांची बेरीज कागदावर मांडा. आम्ही मांडली, तेव्हा ती त्या जुन्या सायकलीच्या किमतीपुढे निघून गेली. त्यापेक्षा जवळचा मार्ग म्हणजे अॅल्युमिनियमची रिम आणि तिला शोभणारा वायरचा ब्रेक. ओल्या अॅल्युमिनियमवर रबर लोखंडापेक्षा पुष्कळ चांगले धरते. त्यालाही मुठी बदलाव्या लागतात, पण चिमट्याला हात लावावा लागत नाही.

ज्यांच्याकडे कारखान्यातून डिस्क बसवलेली सायकल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. चकतीला तेलाचा हात लावू नका. एकदा तेलकट झालेल्या पट्ट्या बहुधा बदलाव्याच लागतात. नव्या पट्ट्या घातल्यावर सपाटीवर वीस-तीस वेळा हलके ब्रेक लावून त्या बसू द्याव्यात, मगच उतारावर जावे. लांब उतारानंतर चकतीला बोट लावू नका, चटका बसतो. नवी चकती जेमतेम २ मिलिमीटर जाडीची असते. झिजून दीड मिलिमीटरवर आली की बदलावी.

जुन्या सायकलीला विजेची मोटार बसवण्याची टूम आता आली आहे. तिच्याबाबतही हाच विचार करा. वजन वाढते, वेग वाढतो. चिमटा आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात. आधी थांबायची सोय पाहावी, मग पळायची.

शेवटी

खोके परत गेले. थोडे पैसे कापले गेले, ते गेले. त्या पावसाळ्यात मुलगी रोज शाळेत गेली. दर रविवारी ती स्वतः रबर, नट आणि चिमटा तपासते. चिमट्यावर ओला फडका फिरवून कुठे चीर किंवा उडालेला रंग आहे का ते पाहते. हे काम बापाने नव्हे, तिनेच करायचे, असे तिच्या आईने ठरवून दिले. मला ते फार पटले. ज्याला उतार उतरायचा आहे, त्याचाच हात ब्रेकवर असावा.

येत्या रविवारी तुम्हीही घरातल्या सायकली अंगणात घ्या. रबराला नख लावून पाहा, डबीचे बंद टोक कुठे आहे ते पाहा, पुढच्या आसाचे दोन नट आवळा. अर्ध्या तासाचे काम आहे. मुलांना सोबत घेऊन करा.